हवालदाराच्या अंगणातले दोन बार

मुद्दय्या हवालदार खोटं बोलायचा नाही. खऱ्याला जरा फोडणी द्यायचा, एवढंच. हे त्याचं स्वतःचं म्हणणं, आणि साऱ्या गावात ते मानणारा तो एकटाच होता.

आमच्या मुगिलमोट्टेच्या डोंगरावर डिसेंबरात सकाळचं धुकं असं दाटतं, की जीपमध्ये बसलेल्याला जीपचं तोंड दिसत नाही. बंगळूरहून, हैदराबादहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या माणसांना अशा धुक्यात टोकावर नेऊन उभं करायचं आणि समोर काय आहे ते सांगायचं, हा मुद्दय्याचा उद्योग. "तो बघा, त्या ढगाच्या मागं मंगळूरचा समुद्र," असं तो हात लांब करून सांगायचा.

"अंकल, काहीच दिसत नाही."

"दिसत असतं तर मला कशाला आणलं असतंत?"

माणसं गुपचूप ढगाचे फोटो काढायची.

वाटेत एक काळा खडक आहे. साधा खडक, शेवाळलेला, गुरं अंग घासतात तो. मुद्दय्यानं त्याला तीन जन्म दिले होते. जीपमध्ये म्हातारी माणसं असली की वनवासात सीतामाईनं तिथं केस वाळवलेले असायचे. नवं जोडपं असलं की मळेवाल्या साहेबाच्या पोरीनं आणि गुराख्यानं तिथूनच हातात हात घालून उडी टाकलेली असायची. आणि लहान मुलं असली की रोज संध्याकाळी चार वाजता तिथं वाघ येऊन बसायचा. "चारच वाजता का?" असं एका पोरीनं विचारलं, तर म्हणाला, "त्याला विचारायला कोण गेलंय?" एकदा सीतामाईवाले आणि उडीवाले एकाच हॉटेलात जेवायला बसले आणि चांगली जुंपली. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून जाब विचारायला आले. मुद्दय्या शांतपणे म्हणाला, "खडक किती जुना आहे! एवढ्या वर्षांत एकच गोष्ट घडून कसं चालेल?"

वय एक्काहत्तर. पलटणीत बावीस वर्षं काढलेली, पेन्शन चालू, चार एकर कॉफी, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना. जीप चालवायची त्याला काही गरज नव्हती. पण घरी बसलं की बायको मिरीच्या वेलाला शिडी लावून वर चढवते, त्यापेक्षा लोकांना ढग दाखवलेले बरे, असा त्याचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर जीभ. त्या जिभेला ना हाड, ना ब्रेक. याच जिभेनं त्यानं बायकोचं माहेर तोडलं.

देचम्मा म्हणजे त्याची बायको. तिचं माहेर लांब नाही, समोरच्या डोंगराच्या कुशीत. धुकं नसेल तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून त्या घराची कौलं दिसतात. मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला तुंबे अब्बीचा धबधबा. मुलूखभर एवढा देखणा धबधबा नाही, पण तो देचम्माच्या भावाच्या जमिनीत. भावाचं नाव मंदण्णा. हेडमास्तर होऊन निवृत्त झालेला, सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, बगलेत छत्री, चालणं असं की समोर प्रार्थनेला शाळा उभी आहे. मुद्दय्या आणि तो लहानपणी एकाच ओढ्यात खेकडे धरणारे. सोयरीकसुद्धा त्यातूनच जुळली.

नऊ वर्षांपूर्वी मुद्दय्या पाहुण्यांना त्याच धबधब्यावर न्यायचा. मंदण्णा मास्तर तिथं रोज दहा वाजता छत्री टेकत फिरायला यायचा. कोणीतरी विचारलं, "हे कोण?" आता सरळ सांगायचं ना, माझा मेहुणा म्हणून! पण नाही. मुद्दय्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "हळू बोला. आमच्या शेवटच्या राजाचा पणतू. राज्य गेलं, पण चालणं बघा."

झालं. त्या दिवसापासून माणसं मास्तरला वाकून नमस्कार करायला लागली. बायका मुलांना पायावर घालायला लागल्या. मास्तरला वाटलं, शिक्षकाला मान देणारी माणसं अजून जगात आहेत. तो खूश झाला. रोज दाढी करायला लागला. ठेवणीतला काळा कोट काढला, कमरेला रेशमी पट्टा बांधला, दहाच्या ठोक्याला धबधब्यावर हजर. सबंध हंगाम तो आशीर्वाद देत होता. शेवटी म्हैसूरच्या एका बाईंनी विचारलं, "महाराज, तुमच्या हत्तींचं पुढं काय झालं हो?"

राजा केलं म्हणून मास्तर एवढा चिडला नसता. आपल्याला ते आवडलं होतं, आणि मुद्दय्यानं ते रोज जीपमध्ये बसून बघितलं होतं, ही खरी आग. दुसऱ्याच दिवशी ओढ्यापाशी लोखंडी फाटक उभं राहिलं, त्याला हे भलं मोठं कुलूप. "ज्या घरानं माझं हसं केलं, त्या घरचं पाऊल माझ्या अंगणात नको," असं तो ओरडून सांगून गेला. देचम्मा तिथंच उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, मीही त्याच घरची." मास्तर थांबला नाही. देचम्माही म्हणाली, बोलावशील तेव्हाच येईन. दोघं एकाच आईची लेकरं, खेचरांनासुद्धा हट्ट शिकवतील. नऊ पुत्तरीचे सण गेले. नव्या भाताची पहिली पेंढी घरात यायची, देचम्मा खीर करायची, आणि मागचं दार लावून घ्यायची. मुद्दय्यानं माफीचे चार निरोप पाठवले. त्यातल्या तीन निरोपांत विनोद होता. म्हणजे काय झालं असेल ते बघा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या प्रत्येक घरात बंदूक असते. मुलगा झाला की अंगणात एक बार काढतात. माणूस गेलं की लागोपाठ दोन. ते दोन बार ऐकले की चुलीवरचं चुलीवर टाकायचं, भांडण असेल तर ते दाराबाहेर ठेवायचं आणि धावत निघायचं. फोन करून "कोण गेलं?" असं विचारायचं नसतं. विचारलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

पुत्तरीला आठवडा राहिला होता. त्या रविवारी मुद्दय्याकडं हैदराबादचे पाहुणे उतरले होते. कामाक्षम्मा नावाची बाई, तिची लेक आणि जावई. लेक-जावई गरीब बिचारे, पण कामाक्षम्मा म्हणजे पोरींच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेली बाई. तिला तीन दिवसांत ढगांपलीकडं काही दिसलं नव्हतं. समुद्र नाही, वाघ नाही, धबधबा दुरून ऐकू आला तेवढा. ती पलटणीतल्यासारख्या हिंदीत म्हणाली, "हवालदारजी, तुम्ही आम्हाला नुसत्या गोष्टी दाखवल्यात. आता एक तरी खरी वस्तू दाखवा."

हे मुद्दय्याला लागलं. त्यानं बापाची दुनळी बंदूक काढली. अंगणाच्या कडेच्या झाडावर नारळ बांधलेला असतोच. नारळाला नेम धरणं हा आमचा सणासुदीचा खेळ. पाहुण्यांच्या हातात बंदूक देणं कायद्यात बसत नाही, आणि देचम्माच्या कायद्यात तर मुळीच नाही. तिचा नियम असा, की नारळासाठी एका नळीत काडतूस घालायचं, दुसरी रिकामी, बार झाला की बंदूक माझ्या हातात. पण देचम्मा खाली खाचरात भात कितपत पिकलंय ते बघायला गेली होती. काडतुसांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला, आणि मुद्दय्याच्या खिशात दोनच काडतुसं उरलेली.

त्यानं ती दोन्ही कामाक्षम्माच्या हातात ठेवली आणि एक कसं भरायचं ते दाखवायला लागला. दाखवता दाखवता त्याला त्याच बंदुकीनं मारलेला वाघ आठवला. हा वाघ त्यानं कधी मारलेला नव्हता, त्यामुळं गोष्ट जरा लांबली. वाघानं झेप घेईपर्यंत कामाक्षम्मानं दोन्ही नळ्या भरल्या, बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि धडाम्! पहिला बार हुकला. तीस वर्षांच्या कवायतीत तिनं हार मानलेली नव्हती. लगेच धडाम्! दुसऱ्या बाराला नारळाच्या ठिकऱ्या.

लेक नाचली, जावयानं टाळ्या वाजवल्या. मुद्दय्यानंही वाजवल्या. "शाब्बास! एक नंबर! लागोपाठ दोन—" असं म्हणता म्हणता त्याचे हात हवेतच राहिले.

खालच्या वाडीत कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.

"काय झालं?" कामाक्षम्मानं विचारलं.

"बाई, तुम्ही मला मारलंत," मुद्दय्या म्हणाला.

तिसरा बार काढला असता तर सगळं निभावलं असतं. तीन बारांना काही अर्थ नाही, लोक म्हणाले असते, हवालदार माकडं हाकलतोय. पण काडतूस कुठाय? कपाटाला कुलूप. मुद्दय्या पळत अंगणाच्या टोकाला गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि खाली धुक्यात जीव तोडून ओरडला, "कोणी मेलं नाही हो! कोणी नाही मेलं!" धुक्यात शब्द विरले आणि खाली नुसताच हंबरडा पोचला. ज्यांना बाराबद्दल थोडीफार शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

सगळ्यात आधी आली ती देचम्मा. खाचरातून वर घरापर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी दोनदा बसत चढते. त्या दिवशी बसली नाही. हातात विळा तसाच, पदर सुटलेला, चिखल पोटरीपर्यंत. अंगणात आली आणि बघते तर नवरा उभा. ती पायरीवर बसली. बराच वेळ तिला श्वासच येईना. मग म्हणाली, "जिवंत आहात?"

"आहे," मुद्दय्या म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"मग थांबा. आता मी मारते."

पण मारलं नाही. विळा बाजूला पडला. तिनं त्याचा सदरा मुठीत धरला आणि कपाळ त्याच्या छातीवर टेकवलं. पाहुण्यांसमोर, दिवसाढवळ्या! लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. मुद्दय्याला फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी रडणं ऐकू आलं. शेजारची बोज्जव्वा. ही बाई मयताला पहिली आणि मनापासून रडणारी. "अरे मुद्दय्या रे, किती थापा मारायचास रे! आता आम्हाला कोण हसवणार रे! माझी कोंबडी घेऊन गेलास ती परत न करताच गेलास रे!" असं म्हणत ती अंगणात आली आणि समोर मुद्दय्या. तिनं रडणं लगेच थांबवलं नाही. एवढ्या जोरात आलेली गाडी एकदम कशी थांबेल? दोन-तीन हुंदके तसेच निघाले. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मेला नाहीस?"

"नाही गं. चुकून झालं."

"चुकून? माझी तव्यावरची भाकरी जळाली, ती पण चुकून?" ती ओट्यावर बसली. "कॉफी टाका गं कोणीतरी. आणि कोंबडीचं मी बोलले ते खरं आहे."

मग रांगच लागली. पंधरा झाले, वीस झाले, तीस झाले. दोघं जण कुदळी-फावडी घेऊनच आले होते, पुढचं काम खोळंबू नये म्हणून. "हवालदार उंच, खड्डा लांब लागेल, असं वाटेत ठरवलं होतं आम्ही," असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. प्रत्येक जण आधी दचकायचा, मग शिव्या द्यायचा, मग हसायचा, मग ओट्यावर बसून पुढच्याची मजा बघायचा. कामाक्षम्माला एव्हाना कोणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. ती शरमेनं एवढीशी झाली होती आणि येईल त्याला हात जोडून "मी केलं, मी केलं" असं सांगत होती. लोक तिला म्हणाले, "बाई, आम्हाला चाळीस वर्षं जमलं नाही, ते तुम्ही एका सकाळी केलंत."

मुद्दय्या तर रंगातच आला. आपल्या मयताला कोण कोण आलं, कोण किती रडलं, याची मोजदाद करत फिरत होता. "बोज्जव्वाचा जावई अजून नाही आला? बघून घेतो त्याला." आणि तेवढ्यात त्याची नजर देचम्माकडं गेली.

ती ओट्याच्या टोकाला सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडत होती. तोंड घराकडं नव्हतं, लोकांकडं नव्हतं, ओढ्याच्या पायवाटेकडं होतं. धुकं आता जरा विरळ झालं होतं. ती मान वर करत नव्हती, पण त्याच त्याच तांदळातून बोट फिरत होतं.

मुद्दय्याची मोजदाद थांबली.

दोन बार समोरच्या डोंगरावरही गेले असणार. तिथून उतरून, ओढा ओलांडून, वर यायला पाऊण तास. बार होऊन आता तास उलटला होता. नऊ वर्षं देचम्माला एक आशा तरी होती, अण्णा रागावलाय, पण वेळ आली की येईल. आणि आज वेळ येऊन गेली. या घरातून दोन बार गेले. कोण गेलं, नवरा की बायको, हे मंदण्णाला कसं कळणार? बहीणही असू शकते. आणि तरी तो आला नाही, तर याचा अर्थ एकच. आपण मेलो तरी अण्णा येणार नाही, हे देचम्माला आज या सुपात तांदूळ निवडता निवडता कळणार. हे कळून मग तिनं उरलेली वर्षं कशी काढायची? दोन बार काढून लोकांना हसवलंस, मुद्दय्या, पण या बाईला हे कशाला दाखवलंस? त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शिवी घातली, आणि ती चांगली पलटणीतली होती.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. "अगं, त्याला ऐकू कमी येतं आता. म्हातारा झालाय."

"तुम्ही गप्प बसा."

"वारा उलटा होता. आवाज गेलाच नसेल पलीकडं."

"पलीकडच्या वाडीतले सात जण आलेत," देचम्मा म्हणाली. "तुमच्यापुढंच कॉफी पितायत."

मुद्दय्यानं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. थापा संपल्या होत्या. असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. ओट्यावरचे लोकही हळूहळू गप्प झाले, कारण आमच्या गावात कोणाचं कोणाशी काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोज्जव्वासुद्धा गप्प बसली, यावरून ओळखा. एकटी कामाक्षम्मा इकडंतिकडं बघत विचारत होती, "आता काय झालं? आता का सगळे गप्प?"

पायवाटेवर कोणीतरी खोकलं.

झुडपांतून आधी छत्री वर आली, मग मास्तर. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. विजार गुडघ्यापासून खाली फाटलेली, हाताला तारेचे ओरखडे, सहा फुटांचा माणूस वाकून धापा टाकतोय. बगलेत जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं. डोळे लालभडक. आयुष्यभर ज्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही, तो हा असा.

अंगणात तो चार पावलं आला आणि त्याला बहीण दिसली. सूप मांडीवर घेऊन बसलेली.

मास्तरनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. "देची?" मग तो सावरला, घसा साफ केला आणि लोकांकडं वळून म्हणाला, "म्हणजे... तो गेला?" बोज्जव्वा आजही शपथेवर सांगते की त्या आवाजात थोडी आशा होती.

"नाही रे मंदण्णा," ओट्यावरून मुद्दय्या उठून म्हणाला. "अजून आहे."

मास्तरच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं! तांबडा झाला, पांढरा झाला, पुन्हा तांबडा. "म्हणजे हीसुद्धा तुझी थट्टा? मरणाची?" त्यानं छत्री उगारली. कामाक्षम्मा मध्ये धावली, "मी केलं, मी केलं!" पण मास्तर ऐकतोय कशाला. "ओढ्यापाशी कुलूप उघडेना. नऊ वर्षांचा गंज. किल्ली आत मोडली. दगड घेऊन अर्धा तास ठोकत होतो मी! तारेवरून यायला बघितलं तर हे असं फाटलं. शेवटी कुलूप तोडलं आणि आलो. आणि इथं काय, तर कॉफी!" तो गर्रकन वळला आणि पायवाटेला लागला.

"अण्णा."

देचम्मा उठली होती. सूप खाली ठेवून ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "बगलेत काय आहे?"

"काही नाही."

"दाखव."

हेडमास्तरनं गाठोडं पाठीमागं लपवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि पोरासारखं. देचम्मानं ते सरळ ओढून घेतलं आणि सोडलं. आत लाल रेशमी साडी. जुनी, जड, जरीकाठ काळवंडलेला. त्यांच्या आईची.

"अम्मानं सांगितलं होतं," मास्तर जमिनीकडं बघत म्हणाला, "ही देचीला द्यायची. त्याच वर्षी पुत्तरीला देणार होतो. मग ते सगळं झालं. मी म्हटलं, देईन, पुढच्या पुत्तरीला देईन. दरवर्षी पेटीतून काढायचो, पुन्हा ठेवायचो." त्याचा आवाज फाटला. "आज बार ऐकले. मला वाटलं तूच. म्हटलं, जाताना तरी आईची साडी अंगावर..." सगळ्या गावासमोर मंदण्णा मास्तर रडायला लागला, आणि कोणी त्याच्याकडं बघितलं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या कॉफीत काहीतरी सापडलं होतं.

देचम्मा साडी घेऊन घरात गेली. दार लागलं.

"चिडली," बोज्जव्वा कुजबुजली. मुद्दय्याला काही कळेना. त्यानं स्टूल आणून मेहुण्यामागं ठेवलं. मेहुणा बसला नाही, पण स्टूल लाथाडलंही नाही.

दार उघडलं. देचम्मा बाहेर आली ती साडी नेसून. आमच्या पद्धतीनं, निऱ्या पाठीमागं, पदर काखेतून घेऊन उजव्या खांद्यावर टाचलेला. पोटरीवरचा चिखल तसाच होता, तेवढा वेळ तिनं घालवला नव्हता. ती भावापुढं येऊन म्हणाली, "बघ, बसते का नीट. मेल्यावर नेसवली असतीस तर मला सांगता तरी आलं असतं का? चल."

"कुठं?" मास्तर म्हणाला.

"कुठं म्हणजे? घरी. तू बोलवायला आलायस ना?"

मास्तरनं छत्री पुन्हा बगलेत घेतली. मग म्हणाला, "आलोय."

देचम्मा पुढं निघाली. तिच्या मागं मास्तर, एका चपलेनं लंगडत. मुद्दय्या घाईघाईनं पायात वहाणा सरकवायला लागला. "थांबा, थांबा, मीही येतो. जीप काढू का?"

देचम्मा वळली. "तुम्ही कुठं निघालात? तुमच्या मयताला एवढी माणसं आलीत. त्यांना कॉफी कोण देणार?"

सगळा ओटा फुटला. हसता हसता बोज्जव्वाच्या कपातली कॉफी तिच्या अंगावर सांडली, आणि तीही मुद्दय्याच्याच नावावर लागली. भाऊ-बहीण उतरायला लागले. लाल साडी झाडांतून दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती. वळणावर मास्तर थांबला आणि मागं न बघता ओरडला, "मुद्द्या! कुलूप तुझ्यामुळं तुटलंय. पुत्तरीला येताना नवं घेऊन ये!"

मुद्दय्याही ओरडला, "आणतो! पण नव्या कुलपाला दोन किल्ल्या येतात. एक माझ्याकडं राहील."

मास्तर चालू लागला. नाही म्हणाला नाही, हे मात्र तीस जणांनी ऐकलं. मुद्दय्या आत गेला आणि कॉफीसाठी मोठ्या पातेल्यात पाणी आणि गूळ टाकून चूल पेटवायला बसला.